अंगात किरण आहेत

माझ्या हृदयात धातूची झडप बसवून दोनेक वर्षं झाली असतील, आणि ऐन सोयाबीनच्या सोंगणीत मला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. थोरली जाऊ शेतात सगळ्या बायांदेखत म्हणाली, "काम दिसलं की हिला बराबर ताप येतो." बाया खो-खो हसल्या. ते हसणं मी विसरले नाही, विसरणारही नाही.

शेवटी भावानं मला हैदराबादला नेलं. हृदयाच्या सोनोग्राफीत काही कळेना, धातूमुळं तिथलं धड दिसतच नव्हतं. मग माझंच रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशींना किरण सोडणारं औषध लावलं आणि सुईनं त्या पेशी परत अंगात सोडल्या. जंतू असतील तिकडं या पेशी धावतात. कॅमेऱ्यात त्या झडपेपाशी गोळा झालेल्या दिसल्या. आणखी उशीर झाला असता तर मी गेलेच होते. मला रडू आलं नाही. आता जावेचं तोंड कसं होतंय, तेवढंच बघायचं होतं.

दीड महिना सलाईनमधून औषधं चालली. पुन्हा तीच तपासणी केली, झडप स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत लहान मुलांना मांडीवर घेऊ नका."

हैदराबादहून निघून, तालुक्याच्या सेनगावहून जीपनं गावात पोचेपर्यंत तो 'उद्या' उलटून गेला होता. दारात जाऊ ओवाळायला उभी. डोळ्यांत पाणी, मागं अख्खी गल्ली. मी ओरडले, "जवळ येऊ नका! माझ्या अंगात किरण हायेत!" ती ताटासकट दोन पावलं मागं सरली.

मी ओसरीवरच बाज टाकली. शेत बंद, चूल बंद. जाऊ लांबूनच जेवण सरकवायची.

"कवा जातेत गं हे किरण?"

"डॉक्टरला ठाऊक."

जेवण फार गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

पण सोंग टिकवायचं तर माझ्या लहान पोरीलाही लांब ठेवणं आलं. ती उंबऱ्यात यायची, मी हातानंच थांबवायचे, मग जाऊ तिला उचलून आत न्यायची. आठवड्यानं मी सांगून टाकलं, "गेले किरण," आणि हात पसरले. पोरगी जावेच्या पदराआड लपली.

"जा ना लेकरा, आई हाय तुझी," जाऊ तिला पुढं ढकलत होती. पोरगी हलेना.

त्याबद्दलही मी जावेला अजून माफ केलेलं नाही.