ताईची पाठ

माझे भाऊजी मणकेवाले. म्हणजे कायरोप्रॅक्टर, पण तो शब्द उच्चारताना जीभ अडखळते म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांना 'मणकेवाले' करून टाकलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. तोंड टेकवायला खाच असलेलं लांबट टेबल, खिळ्याला लटकवलेला प्लास्टिकचा पाठीचा कणा आणि भिंतीवर एक तक्ता. तक्त्यात प्रत्येक मणक्यापासून निघालेली रंगीत रेघ कुठल्या ना कुठल्या अवयवाला जाऊन भिडलेली. पाठीच्या मधल्या मणक्यांच्या रेघा जठराकडे, कमरेच्या मणक्यांच्या गर्भाशयाकडे. मणका जरा सरकला की शीर दबते आणि शीर दबली की तो अवयव रुसतो, असं त्यांचं सरळ म्हणणं. पोट बिघडलेलं माणूस आलं तरी ते पोटाला हात लावत नसत. त्याला पालथं झोपवत आणि पाठ चाचपत.

मी स्वतः त्या टेबलावर वर्षभर पालथी पडले आहे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मग मुलगी झाली. त्याच वर्षी मी डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही घेत होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही राहू दिलं नाही. भाऊजींच्या हाताला गुण आहे, असं मीच जगभर सांगत सुटले. नवरा म्हणायचा, "थोडं श्रेय मलाही द्या की!" आम्ही हसायचो. माझं ऐकून किती बायका त्या खोलीत गेल्या असतील, देव जाणे. मूल झालं त्या सांगायला यायच्या. नाही झालं त्या यायच्याच बंद व्हायच्या, त्यामुळे भाऊजींच्या कानावर नेहमी चांगलंच पडायचं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको. भाऊजी दिवसभर लोकांच्या पाठीत गुंतलेले, जेवताना बोलले तरी तेच. ताईला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी मान वर न करताच निदान केलं, "पाठीचा सहावा मणका." मग रोज सकाळी, पहिलं माणूस यायच्या आधी, ते तिला टेबलावर घ्यायला लागले. तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि पंधरा मिनिटं तिची पाठ दाबायचे.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

महिन्याभरात तिचे कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले. एका दुपारी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग, फरक पडतोय का?"

"काडीचाही नाही," बटाटे सोलता सोलता ती म्हणाली.

"अगं मग डॉक्टरकडे का जात नाहीस?"

"जाईन गं. पण ती पंधरा मिनिटं ते माझ्याशी बोलतात. सत्तावीस वर्षांत कधी इतकं बोलले नव्हते. काल शाळेतून पळून गेल्याची गोष्ट सांगितली, मला ठाऊकच नव्हती! त्यांना काही बोलू नकोस हं. शपथ आहे तुला माझी."

मी नाही बोलले. शपथ हे निमित्त. भाऊजींच्या हातांवर शंका घ्यायची म्हणजे माझ्या मुलीवरच शंका घेतल्यासारखं वाटायचं. शुद्ध वेडेपणा होता तो, पण मी चार महिने तो जपला.

एक दिवस तिच्या घशाखाली पाणीही उतरेना, तेव्हा इस्पितळात नेलं. जठराचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." सात आठवड्यांत ताई गेली. लोक म्हणाले, दिव्याखाली अंधार. लोकांचं काय जातं बोलायला! त्यातले निम्मे त्याच टेबलावर लोळून गेलेले.

भाऊजींनी पुढची खोली बंद केली. मी दुपारचा डबा घेऊन जायची. एकदा गेले तर ते खोली उघडून टेबलाच्या कडेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "तू तिची लाडकी. तुला सगळं सांगायची. तिला खरंच बरं वाटायचं का गं?"

हो म्हणून मोकळी झाले असते. पण माझ्या पोटात राग साठला होता, आणि तो नेमका त्यांच्यावर होता की माझ्यावर, हे मला आजही सांगता येत नाही.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. तुम्ही बोलायचात म्हणून पडून राहायची ती तिथे."

ते कोसळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मला कळत होतं," ते म्हणाले. "तिची पाठ रोज आदल्या दिवसापेक्षा ताठ लागायची. जन्म गेला माझा पाठी चाचपण्यात, मला नाही कळणार?"

"मग नेलं का नाही तिला?" मी ओरडलेच.

"ती बरं वाटतंय म्हणाली की मलाच फार बरं वाटायचं. रोज ठरवायचो, आज डॉक्टरकडे चल म्हणायचं. आणि रोज तिला विचारायचो, कसं वाटतंय." मग हळूच म्हणाले, "तू तरी मला सांगायचंस गं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला भांडता तरी आलं असतं.