दहा पानांमागे एक पान

विमान खाली उतरू लागलं आणि खिडकीतून वाळू दिसली. ज्वारीचं पीठ सांडून ठेवावं तशी, जिकडे पाहावं तिकडे. तिच्या कडेला एकदम निळाशार समुद्र आणि काठावर काचेच्या उंच इमारती. "आई, दोहा!" मुक्ताने माझा हात दाबला. मला मात्र त्या घटकेला एवढंच सुचलं, की या वाळूत कोथिंबीर कशी उगवत असेल आणि जुडी केवढ्याला पडत असेल.

माझा धंदाच तसा आहे. नाशिकला मी मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं यांच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. आमच्या भाषेत एक जेवणारा माणूस म्हणजे एक पान आणि जगातला कुठलाही खर्च मला पानाच्या हिशोबानेच कळतो. माझ्या मुलीला, मुक्ताला, अल रय्यानमधल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. फीचा मोठा भाग विद्यापीठ सोसणार होतं, राहणं-खाणं आमच्याकडे. त्याचा वर्षाचा अंदाज त्यांनीच छापून पाठवला होता आणि तो वाचून आमच्या ह्यांनी चष्माच काढून ठेवला. होती नव्हती ती शिल्लक घातली तरी चौथा हिस्सा कमी पडत होता. एवढा खर्च पेलेल असं रविवारपर्यंत दाखवलं नाही, तर मुक्ताची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"ईमेल करून विचारू," हे म्हणाले.

"ईमेलवर मी हळदीकुंकवाची ऑर्डरसुद्धा घेत नाही," मी म्हणाले. दोह्यात माझी मावसबहीण सुनंदा राहते. ती कितीतरी वर्षं 'ये, ये' करत होतीच. तिकिटं काढली. निघताना हे एवढंच म्हणाले, "जमलं तर पेढे आण. नाही जमलं तर पोरीला उगाच आशेवर ठेवू नकोस."

कस्टमला माझी बॅग उघडली. इथे खसखस अजिबात चालत नाही असं सुनंदाने बजावलं होतं, म्हणून गोडा मसाला खसखशीविना कुटला होता. तरी त्या अधिकाऱ्याने एकेक पुडी हुंगली. मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ.

"दुकान?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"बेटी," मी म्हणाले.

तो हसला आणि "यल्ला" (चला, निघा) म्हणत बॅग माझ्याकडे सरकवली.

सुनंदाचं घर अबू हमूरला. तिचे यजमान प्रकाशराव गॅस कंपनीत इंजिनिअर आहेत, आणि त्यांची दहा वर्षांची लेक आर्या मराठीत सांगितलेलं सगळं समजून इंग्रजीत उत्तर देते. गुरुवारची संध्याकाळ होती. चहा घेता घेता मी माझा बेत मांडला: उद्या शुक्रवारी सकाळीच विद्यापीठाचं ऑफिस गाठायचं, शनिवारी समुद्र बघायचा, रविवारी आराम. सुनंदाने कपाळावर हात मारला. "अगं ताई, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी! ऑफिसं उघडतात रविवारी." आम्ही नाशिककरांनी रविवार म्हणजे सुट्टी धरून सगळं ठरवलं होतं. म्हणजे शेवटचा दिवस तोच पहिला दिवस. मला दरदरून घाम फुटला, एसी चालू असताना.

तसा माझ्या हाती हुकमाचा एक्का होता. मुक्ताला सुनंदाकडेच ठेवायचं, राहण्याचा खर्च शून्य. सुनंदाने तर खोलीही रिकामी केली होती. शुक्रवारी दुपारी मी आणि मुक्ता टॅक्सीने विद्यापीठ बघायला निघालो. रस्ते असे गुळगुळीत की पोटातलं पाणी हलत नव्हतं, पण मीटर भराभर हलत होता. रियालचे रुपये करायला मी तो चोवीसने गुणत होते आणि मनातल्या मनात दोन किलो पनीर, चार किलो पनीर करत होते.

"आई," मुक्ता शांतपणे म्हणाली, "हे रोज दोनदा."

प्रकाशरावांचं ऑफिस विरुद्ध दिशेला, सुनंदाला गाडी येत नाही, आणि अबू हमूरमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. माझा एक्का वाया गेला.

विद्यापीठाच्या आवारात मात्र ट्राम फुकट होती. उन्हाने डोळे दिपत होते. ट्राममधून उतरून आम्ही मुलींच्या वसतिगृहापाशी सावलीत टेकलो. तिथे केरळची एक मुलगी भेटली, तिसऱ्या वर्षाची. तिने आम्हाला पाणी दिलं आणि मुक्ताला जे सांगितलं ते आम्हाला छापील कागदात कुठे दिसलं नव्हतं. जेवणाचं कार्ड घेतलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघर आहे. कार्डाची रक्कम अंदाजात धरलेली असते. स्वतः करून खाणार असाल तर आपला वेगळा अंदाज लिहून द्यायचा, पटला तर मान्य करतात.

"मी करून खाईन," मुक्ता म्हणाली.

मी फिस्सकन हसले. पाच-पाचशे पानांचा स्वयंपाक आमच्या अंगणात व्हायचा, पण मुक्ता कायम आतल्या खोलीत पुस्तक घेऊन. तिला साधा कुकर लावताना मी पाहिलं नव्हतं. माझं हसू तिला लागलं. "उद्या मावशीकडे मी जेवण घालते," ती म्हणाली. "सामान इथल्या दुकानातलं. तुझ्या पुड्यांना हात लावायचा नाही. दर महिन्याला तू येणार आहेस का मसाला घेऊन?"

दुकानात तिने मला बोलू दिलं नाही. मसूर, तांदूळ, कोबी, काकडी, दही. कोथिंबिरीची जुडी (भाजीवर फुकट न मिळणारी कोथिंबीर मी जन्मात पहिल्यांदा पाहिली) तिने उचलली, भाव बघितला आणि अर्धीच लागेल म्हणत बाकीची दुसऱ्या भाजीला राखून ठेवायचं ठरवलं. पोळ्यांऐवजी तिने खुबुस (इथली मोठी, मऊ, स्वस्त रोटी) घेतला. ते पाहून माझ्या जिवाला चटका बसला.

शनिवारी दुपारी आठ पानं होती. घरातले पाच जण आणि शेजारचं जळगावचं तिघांचं कुटुंब. मी बैठकीत बसले होते, जिभेवर दात रोवून. फोडणीचा वास आला तेव्हा जरा बरं वाटलं. पहिला घास घेतला आणि मीठ बरोबर पडलेलं पाहून माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. आर्याने वाटी पुढे केली. "मुक्तादी, कॅन आय हॅव मोअर?"

इतक्यात बेल वाजली. प्रकाशरावांचा ड्रिल परत द्यायला नामदेव आला होता. लातूरकडचा वेल्डर, बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत राहणारा. "जेवून जा," प्रकाशराव म्हणाले आणि त्याला हाताला धरून आत आणलं. मी मनातल्या मनात परत पानं मोजली. वेल्डिंग करणाऱ्या तरण्या माणसाचं एक पान म्हणजे दीड पान! मुक्ता वाढत राहिली.

"ताई, आमटी हाय का अजून?" नामदेवने मला विचारलं. त्याला वाटलं स्वयंपाक माझाच.

"आहे," स्वयंपाकघरातून मुक्ताच बोलली.

"लई दिसानं घरच्यावानी जेवलो बगा," हात धुताना तो म्हणाला.

मी उठून पातेलं पाहिलं. रिकामं. आणि कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं. माझ्या धंद्यात याहून मोठी पदवी नाही.

"नववं पान कुठून काढलंस?" मी विचारलं.

"तूच तर आचाऱ्यांवर ओरडायचीस. दहा पानांमागे एक पान जास्तीचं धरा! मी आत अभ्यास करत होते, बहिरी नव्हते."

रविवारी ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही दारात. काळा पायघोळ अबाया घातलेल्या, माझ्याच वयाच्या बाईंनी मुक्ताने रात्री लिहून काढलेला, आमच्या शिलकीत बसणारा खर्चाचा अंदाज वाचायला घेतला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मला अर्धंमुर्धं कळत होतं, पण आकड्यांवरून फिरणारं बोट मला वाचता येत होतं. ते बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे पैसे कशाचे? ना जेवण, ना पुस्तकं."

मुक्ताने सांगितलं, "माझी आई स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. ती दहा माणसांमागे एकाचं जास्त शिजवते. कोण येईल, काय होईल, सांगता येत नाही. मी खर्चातही तसंच धरलंय."

बाईंनी मान वर केली. "स्वयंपाक येतो? सगळी मुलं असंच म्हणतात आणि दुसऱ्या आठवड्यात बाहेरून मागवतात."

आता मला राहवेना. "मॅडम! शी कुक. नाइन पीपल. नथिंग लेफ्ट!"

त्या खळखळून हसल्या. त्यांची आई म्हणे न सांगता येणाऱ्यासाठी रोज एक ताट झाकून ठेवते. मग त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद मुक्ताच्या हातात दिला. "खलास. मबरूक!" (झालं. अभिनंदन!) बाहेर येऊन मी भर उन्हात, पदर खोचून, मुक्ताची अलाबला घेतली. रखवालदार बघत होता. बघू दे म्हटलं. ह्यांना फोन लावला. "पेढे नाही मिळाले. खजूर आणतेय!" पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

परतीच्या विमानात मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली होती. मला मुळीच झोप नव्हती. परदेशी शिक्षण म्हणजे पैसेवाल्यांचं काम असं मीच चारचौघांत म्हणत आले होते. आता म्हणत नाही. मोठा आकडा बघून डोळे पांढरे करण्यापेक्षा त्याची पानं मांडावीत, एकेक पान काय खातं ते बघावं.

ऑगस्टमध्ये ती एकटीच गेली. मसाल्याची एकच पुडी घेतली, तीही माझ्या समाधानासाठी. तिचा पहिला फोटो आला: दोन ताटं, शेजारी केरळची ती मुलगी, मागे लख्ख रिकामं पातेलं. त्या दिवशी आमच्याकडे मात्र भात उरला. दोघांचा लावायचा, मी लावला होता तिघांचा.

"काय, अंदाज चुकला तुमचा?" ह्यांनी चिडवलं.

"चुकेल कसा?" मी म्हणाले. "जास्तीचं पान आहे ते. धरायचं असतं."