पुस्तकं धाकटीला, माप माझ्याकडे

सासूबाईंनी दोन्ही पुस्तकं आणि वही उचलून धाकट्या जावेच्या मांडीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "तिला काफी दे."

मी काफी दिली. फिल्टरमधून गाळून, पेल्यातून डबऱ्यात उंचावरून ओतत वर फेस आणून दिली. पण त्या दिवसापासून जावेचं तोंड बघितलं की माझ्या पोटात जाळ उठायचा, तो तिच्या मरणापर्यंत उठत राहिला. खोटं कशाला लिहू.

आमचं घर शहराबाहेर तांबरमला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सासूबाई शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिल्या. त्यांचं आंघोळपाणी, पाय चेपणं, गोळ्या, सगळं मी. जाऊ शहरात नुंगंबाक्कमला, फ्लॅटमध्ये. बी. ए. झालेली, ऑफिसात नोकरी, महिन्यातून एक रविवार येणार, येताना सफरचंदं आणणार. माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. सासूबाईंना सफरचंद चाववत नव्हतं. तरी शेजारणींना सांगायच्या, "धाकटीनं आणलं."

पुस्तकं म्हणजे स्वयंपाकाची. दोन छापील, फार जुनी, माझ्या आजेसासूच्या सासूनं मुंबईहून टपालानं मागवलेली. तेव्हा घर तंजावरला होतं. आम्ही मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले. छापलेलं सगळं आम्हाला कुठून चालणार? म्हणून घरातल्या बायकांनी त्यात शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या. कोकम खोडून चिंच. शेर खोडून माप. तिसरी ती वही, हातानं लिहिलेली, तिच्यात आपल्या घरचे पदार्थ: तुरीच्या डाळीत शिजवलेल्या वांग्यांची रसवांगी, डांगर, मेतकूट. पानांना तुपाचे डाग, एका पानाला वाटीच्या बुडाचं गोल.

आणि जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावं. जिच्या हाती चूल आली तिनं आपलं नाव तिथं लिहायचं, असा घरचा रिवाज. आजेसासूची सासू, आजेसासू, सासू. चौथं नाव माझं होणार, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. चूल चाळीस वर्षं माझ्याच हाती होती. सासूबाई स्टुलावर बसून वाचायच्या, मी करायची. दहाएक वर्षांनी वाचायची गरज उरली नाही. पण नाव लिही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि आपणहून मागायचं माझ्या जिवावर आलं.

जाऊ गेल्यावर मी विचारलं. "मला का नाही दिली?"

"तुला काय करायचीत?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हातात आहे सगळं. तिला काही येत नाही. तिला वाचता तरी येतं."

बाईनं मला चांगलं म्हटलं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या रविवारी जावेनं फोन केला. "अक्का, मी पहिल्या पानावर नाव लिहिलं हो. तुम्हाला सगळ्याचं झेरॉक्स काढून देऊ का?" मी म्हटलं, कागद ठेवायला घरात जागा नाही.

सहा महिन्यांनी सासूबाई गेल्या. त्यांच्या मागं माझ्याकडे त्यांचं एक लुगडं, एक काठी आणि तांदळाच्या डब्यातलं पितळी माप राहिलं. ते माप आजेसासूनं तंजावरच्या तांबटाकडून घडवून घेतलेलं. कुठल्याच बाजारातल्या मापाशी ते जुळत नाही, दुकानातल्या स्टीलच्या मापाच्या दुपटीहून मोठं आहे. पुस्तकात जिथं जिथं माप लिहिलं आहे, ते हे माप. पुस्तकांबरोबर हेही द्यायला हवं, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. जाऊ काफी पीत होती तेव्हाच आलं होतं.

दुसऱ्या वर्षी जावेच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी कंप्युटरच्या कंपनीत, नवरामुलगाही तिथलाच. लग्नाआधी आमच्यात देवीसाठी सवाष्णी जेवायला बोलावतात. "यंदा स्वयंपाक मीच करणार, पुस्तकावरून करणार," असं जावेनं सगळ्यांना सांगितलं. मी विधवा, मला त्या दिवशी चुलीपाशी काम नव्हतं. तिच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी मला खुर्ची टाकून बसवलं होतं. तिथून सगळं दिसत होतं.

जाऊ ओलेत्यानं कामाला लागली. ओट्यावर वही उघडी, वर चष्म्याची डबी ठेवून पान दाबलेलं. ती रसवांगीचं पान मोठ्यानं वाचत होती. "तुरीची डाळ एक माप. सुक्या मिरच्या चाळीस." आणि तिनं फडताळातून दुकानातलं स्टीलचं माप काढलं. डाळ अर्ध्याहून कमी पडली. मिरच्या मात्र मोजून चाळीस पडल्या.

मी बघत होते. एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. मी पदरानं वारा घेत बसले.

सोवळ्याचा स्वयंपाक देवीला दाखवल्याशिवाय चाखत नाहीत. त्यामुळं पानं वाढेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. पहिल्या घासाला एक सवाष्ण ठसकली. दुसरीनं डोळे पुसले. तिसरी जावेची विहीण होणार होती. ती म्हणाली, "अय्यो, रसवांगी फार छान झाली हो, थोडं ताक असेल का?" मग सगळ्यांनीच ताक मागितलं. ताक संपलं, तेव्हा पाणी घालून वाढवलं. जावेचं तोंड मिरचीपेक्षा लाल. मला बरं वाटलं. जेवल्यासारखं बरं वाटलं.

लग्न पार पडलं. आठ दिवसांनी जाऊ लोकलनं तांबरमला आली, कापडी पिशवीत तिन्ही पुस्तकं घेऊन. रविवार नव्हता. सफरचंदंही नव्हती.

"अक्का, लिहिल्याप्रमाणेच केलं हो मी. अक्षर इकडचं तिकडं नाही. कुठं चुकलं?"

"माप चुकलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दिसलं मला. दारातच बसले होते."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पुस्तक तुझ्याकडे होतं. मला कुणी विचारलं?"

"देवीचा नैवेद्य होता तो, अक्का!"

"देवीपुढं पाण्याचा तांब्या होता की."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. पिशवी खाली ठेवली, पाटावर बसली आणि म्हणाली, "माझ्या विहिणीनं अजून त्या रसवांगीचं नाव काढणं सोडलेलं नाही. ते माप मला दाखवा."

"आधी जाड पुस्तक काढ. पहिलं पान."

तिनं काढलं. मी म्हटलं, "पेन दे. मला नाव लिहायचंय."

"तुम्हाला मराठी लिहिता येतं?"

इतकी वर्षं एकाच घराण्याच्या सुना म्हणून वावरलो आम्ही. तिला माहीत नव्हतं. सासूबाईंनाही माहीत नसावं. बापानं मला जमिनीवर खडूनं अक्षरं शिकवली होती. सासूबाई वाचत होत्या, म्हणून मी ऐकत होते, एवढंच.

"येतं," मी म्हटलं.

"वर जागा नाही हो अक्का. माझ्या नावाखालीच आहे."

तेही माझ्या वाट्याला आलं. थोरली असून धाकटीच्या खाली. तिचं अक्षर छापल्यासारखं, माझं तांदूळ सांडल्यासारखं. पण लिहिलं, पुरं लिहिलं, सासरच्या आडनावासकट.

मग मी डब्यातून पितळी माप काढलं, तांदूळ भरले आणि घरातल्या दुकानी स्टीलच्या मापात ओतून दाखवले. दोन मापं आणि वर एक मूठ. तिनं वहीत पेन्सिलीनं तसं लिहून घेतलं. माप मी तिला दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. जाताना म्हणाली, "तुम्ही फार वाईट आहात, अक्का." मी म्हटलं, "सरि, बरं, पाच छत्तीसची लोकल मिळेल, नीघ."

त्यानंतर तिची रसवांगी चांगली व्हायची. माझ्याहून चांगली होते, असं दीर एकदा माझ्यासमोर म्हणाले. तेही मी विसरलेले नाही.

तीन वर्षांनी जाऊ साखरेच्या दुखण्यानं गेली. पुस्तकं तिच्या मुलीकडे आहेत, नुंगंबाक्कमलाच, काचेच्या कपाटात. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवते, त्यातलं करत काही नाही. नाव तिनं अजून लिहिलेलं नाही. मी तिच्याकडे गेले की कपाटाकडे बघते आणि पोटात तोच जाळ उठतो.

पहिल्या पानावर पाच नावं आहेत. वरच्या चौघी गेल्या. पाचवी मी, जिवंत आहे.