पुढचं वटवाघूळ आणि मागची सीट

आमच्या क्रूझर मोटारसायकलची मागची सीट माझ्या बायकोची. कागदावर गाडी माझी, पण त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं तिला खपायचं नाही. तिची कंबर दुखायची म्हणून मी बोईसरच्या एका वेल्डरकडून पाठीला टेकू करून घेतला होता. त्यावर जाड गादी आणि मागे पिशव्या बांधायला लोखंडी कॅरिअर. दिसायला गाडी अगदी दूधवाल्याची. पण काय ऐटीत बसायची ती!

रविवारी कारखान्याला सुट्टी असली की सकाळी आम्ही तिच्या माहेरी निघायचो. तारापूरच्या पुढे, समुद्राच्या अंगाला, तिच्या आईची चिकूची वाडी आहे. मी मासवणचा, डोंगराकडचा. पाम गाव मागे पडलं, खारा वारा लागला, की ती माझ्या कानाशी ओरडायची, "माझा मुलूख सुरू झाला हं, आता गाडी नीट चालवा!" मी म्हणायचो, "मग उतर आणि ढकल." रोज शिफ्ट, भाजी, लाइटबिल याशिवाय न बोलणारे आम्ही गाडीवर मात्र अखंड बडबडायचो. येताना कॅरिअरवर चिकू आणि वालपापडीच्या पिशव्या असायच्या. सतरा वर्षं हे चाललं. ते रविवार आठवले की अजून गलबलतं.

मग माझ्या डोक्यात खूळ शिरलं.

मनोरला हायवेवर एका धाब्यापाशी चारपाच क्रूझर लागल्या होत्या. त्यातल्या एकीला पुढे फेअरिंग होतं, म्हणजे हँडलसमोर दिव्याभोवती रुंद कवच, दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखं पसरलेलं. खरं तर ते वारा अडवायला असतं. पण वाऱ्याचं कोणाला पडलं होतं? मला ती छाती काढून उभी असलेली गाडी दिसत होती. मी चहा गार केला आणि बघत बसलो. पन्नाशीच्या माणसाला शोभेल का हे? नाही शोभत. तरी बघत बसलो.

माझा एक मित्र बोईसरला फायबरचं काम करतो. आयुष्यभर त्याने केमिकल कारखान्यांसाठी ॲसिडच्या टाक्या बनवल्या. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वरून चिकट रेझिन लावायचं, वाळलं की पुन्हा कापड. मी फोटो दाखवला तर म्हणाला, "हे तर पोरखेळ हाय." आणि हात सवयीचे ना! गाडीच्या कवचाला दोनतीन थर पुरेत, पठ्ठ्याने आठ मारले. मला अभिमानाने सांगतोय, "पन्नास वर्षं गळणार नाय बघ."

"अरे बाबा, यात ॲसिड भरायचंय का?"

"मजबूत असलेलं बरं," म्हणाला.

ते वजन हँडलवर आलं. गाडी वळवायची म्हणजे म्हैस वळवल्यासारखी. वरची काच तरी उंच आणि पारदर्शक घ्यावी, तर उंच काचेने गाडी टमटम दिसते म्हणून मी चार बोटांची काळी पट्टी लावली. तिच्यावरून वारा उसळून थेट तोंडावर यायचा, हेल्मेट गदगदा हलायचं. आधी काहीच नव्हतं तेव्हा बरं होतं. पण काळा चकचकीत रंग लागला, दिवा आत बसला, आणि मी वेडा झालो. मग पुढच्या रुबाबाला मागचा टेकू आणि कॅरिअर शोभेना. मित्र म्हणाला, "मागचं सगळं काढ, एकाची सीट टाक, काय लाइन येईल!" मी काढलं. हो, मीच काढलं, माझ्या हाताने.

बायको दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली. "छान आहे. आणि मी कुठे बसू?"

"अगं, दोन बोल्ट आहेत. रविवारी लावीन तुझी सीट."

दोन रविवार लावली. तिसऱ्या रविवारी म्हटलं, रंगाला ओरखडे पडतात, आजचा दिवस रिक्षाने ये. ती पिशव्या उचलून रिक्षाकडे निघाली. भांडली असती तर मी कदाचित वाचलो असतो. मग तो 'आजचा दिवस' दर रविवारी यायला लागला. मी क्रूझरवर पुढे, ती पिशव्या घेऊन सहाआसनी रिक्षात मागून.

एका रविवारी मी वाडीवर आधी पोचलो. शेजारचे लोक जमले, कोणी फेअरिंगवर हात फिरवतंय, कोणी फोटो काढतंय. मी भाव खात उभा. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पोरगी कुठं हाय?"

"येतेय मागून, रिक्षाने."

"मंग तुमी कशाला आलाव?"

सगळे हसले. मीही हसलो, पण तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात रिक्षा आली. ती कंबरेवर हात ठेवून हळूहळू उतरली, केसांत धूळ, दोन्ही हातांत पिशव्या. माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "पोचलात ना नीट?" त्या सहजपणाचीच मला लाज वाटली. असा कसा मी नालायक, असं झालं.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर तडक मित्राकडे गेलो. म्हटलं, तुझी टाकी उतरव. दोन थरांचं हलकं कर, वर उंच पारदर्शक काच दे, मागच्या माणसालाही वारा लागता कामा नये. दिसू दे टमटम. मित्राला वाईट वाटलं, पण केलं. मात्र त्याच्या हातात टाक्यांची कामं होती, त्यात दोन महिने गेले. तोवर गाडी त्याच्याकडेच, रविवारी आम्ही दोघंही रिक्षाने. टेकू मी स्वतः घासला, नवी गादी शिवून आणली. तिला काही सांगितलं नाही. एकदम दाखवायचं होतं.

काम झालं, त्या रविवारी गाडी धुऊन दारात लावली. सीट, टेकू, कॅरिअर, सगळं जागेवर. ती बाहेर आली ती हातात हेल्मेट आणि किल्ली घेऊन. किल्ली जावेच्या जुन्या स्कूटरची. या दोन महिन्यांत, मी शिफ्टला गेलो की, टाउनशिपच्या मैदानात ती चालवायला शिकली होती. मला पत्ता नाही!

तिने माझी गाडी पाहिली. नव्या गादीवरून हात फिरवला. "किती छान केलंत हो," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"मग बस ना."

"रागावून नाही म्हणत नाहीये. पण आज मी माझी घेऊन येते."

ती पुढे, मी मागे. नवी काच झकास होती, वाऱ्याचा जराही त्रास नाही. पहिल्यांदाच ते कवच कामाला आलं होतं, आणि मागे कोणी नव्हतं. समुद्र दिसायला लागला तशी तिने स्कूटर कडेला घेतली. मला वाटलं, दमली. मी जवळ जाऊन विचारलं, "कंबर दुखतेय का? ये, बस इकडे. स्कूटर नंतर नेऊ."

तिने हेल्मेट काढलं. चेहरा लाल, आणि नुसती हसत होती. म्हणाली, "अहो, सतरा वर्षं मी या रस्त्याने आले ती तुमची पाठ बघत. समोरून हा रस्ता असा दिसतो, हे मला आज कळलं."

ती एवढी खूश होती की मागे बसण्याचा आग्रह मी तिथेच सोडला. म्हटलं, "चल मग, पुढे हो." ती गेलीसुद्धा. टेकू मी काढलेला नाही. ती मागे बसावी असं मला दर रविवारी वाटतं, आणि दर रविवारी मी तिला पुढे जाऊ देतो.