पांढरी झूल

मुलीचा मुलगा सुट्टीत बोरीवलीला आला की मला मॉलमध्ये घेऊन जातो. म्हणजे तिकिटं त्याची आई काढते आणि सोबतीला मला पाठवते. अडीच तास पडद्यावर माणसं उडतात, इमारती पडतात, समुद्र खवळतो आणि शेवटी जग वाचतं. पुढच्या सुट्टीत ते पुन्हा धोक्यात असतंच. गेल्या वेळी मला मध्यंतराच्या आधीच झोप लागली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आजी, तुला हे आवडतच नाही ना?" मी म्हटलं, "अरे, तुझी आई जन्मायच्या आधीपासून मी हेच वाचत आलेय. आवडतं रे. पण आता दमायला होतं." त्याला काही ते पटलं नाही.

माझी खरी तक्रार कथेबद्दल नाहीच. कथा तेव्हाही तीच होती. तक्रार कापडाची आहे. या नव्या वीरांच्या अंगावर कापडच नसतं. रबर म्हणा, पत्रा म्हणा, काय वाटेल ते म्हणा. कुठे शिवण नाही, चुणी नाही, काखेत घामाचा डाग नाही. ज्याच्या कपड्याला सुरकुती पडत नाही तो काही काम करत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. ही खोड मूळची माझी नाही, बाबांची आहे.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. म्हणजे माग चालवायचे, कापड विणायचे. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी बारा वर्षांची होते. आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, आणि त्यातल्या तीन-चार घरांतले पुरुष असेच घरी बसलेले. सुरुवातीला ते जिन्यात उभे राहून तावातावानं बोलायचे. पुढे नुसतेच उभे राहायचे. बाबा तर जिन्यातही जाईनासे झाले. सकाळी दाढी करायचे, अंघोळ करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि खाटेवर बसायचे.

ट्रंकेत एक कापड होतं. मिलच्या दुकानातून कामगारांना मिळायचं तसलंच, साडेतीन वार पांढरं पॉपलिन. पण बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्यांच्या स्वतःच्या मागावरचं होतं. काठावरून ते ओळखायचे. मिल सुरू झाली की त्याचा शर्ट शिवायचा आणि पहिल्या दिवशी तो घालून कामावर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आई दर महिन्याला ते कापड काढायची, डांबरगोळ्या बदलायची आणि परत ठेवायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, हे मी आधीच सांगून टाकते.

कोपऱ्यावर पत्र्याच्या एका खोक्यात, म्हणजे टपरीत, लायब्ररी होती. तिथून मी चित्रांची पुस्तकं आणायचे. स्वस्तातली मराठी पुस्तकं, आत फक्त काळी शाई. मुखपृष्ठं टिकत नाहीत म्हणून लायब्ररीवाला नवं पुस्तक आलं की ती काढून टाकून दोन्ही बाजूंनी खाकी पुठ्ठा लावून जाड दोऱ्यानं शिवून टाकायचा. त्यामुळे बाहेरून सगळी पुस्तकं सारखी. आत डोकावल्याशिवाय काही कळायचं नाही. माझा वीर ठरलेला होता. एरवी तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि संकट आलं की वाऱ्यावर पाय देऊन चालू लागायचा. तोंडावर मुखवटा आणि खांद्यांपासून घोट्यांपर्यंत सोडलेलं एक लांबरुंद कापड. त्या कापडाला काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं. आई त्याला झूल म्हणायची. "बैलाक घालतत तशी," असंही वर म्हणायची. आम्हीही झूलच म्हणायला लागलो.

रिकामा माणूस काय करणार? बाबा माझी पुस्तकं वाचू लागले. आधी मी शाळेत गेल्यावर चोरून, मग उघडपणे. त्यांना तो घड्याळवाला पसंत पडला. हातात कसब असलेला माणूस म्हणून. खलनायक फार बोलतो यावर आमचं एकमत होतं. ज्याच्या हातात कारखाना आहे तो बोलत बसत नाही, सरळ टाळं लावतो, असं बाबा म्हणायचे. पण त्यांचं खरं लक्ष झुलीकडे. चित्रकाराला कापड कळतं, असं त्यांनी सर्टिफिकेट देऊन टाकलं होतं. ते बोटानं चित्रातली चुणी दाखवायचे. "बघ गो चेडवा, खांद्यार ताण इलो की चुणी अशीच पडता. ह्यां चांगल्या सुताचां कापड." मिलबद्दल ते महिनोन्‌महिने बोलले नव्हते, पण त्या झुलीच्या निमित्तानं उभा धागा, आडवा धागा, खळ, घडी असं सगळं बोलायचे. मी पुस्तक लवकर परत करत नसे ते त्यासाठीच. आई स्वयंपाक करता करता ऐकायची.

झूल पांढरी आहे याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. चित्रात ती कोरीच असायची. आणि बाबांच्या खात्यात सगळं पांढरंच निघायचं.

गणपतीत सोसायटीनं व्हिडिओ आणला. रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर कंपाउंडमध्ये चादरी लावून अंधार केला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा टीव्ही खाली आणून टेबलावर ठेवला. टीव्ही काळापांढरा. सिनेमा आमच्याच वीराचा! मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. बाबा कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच खाली आले आणि मागे खांबाला टेकून उभे राहिले.

सिनेमानं माझी घोर निराशा केली. पुस्तकात तो मराठीत बोलायचा, इथे इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होता. घड्याळाचं दुकान तर एकदाच दाखवलं, तेही बाहेरून. सगळ्यात वाईट म्हणजे झूल काळपट होती. तो वाऱ्यावर चालायला लागला तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, "वारो फुडसून येता, मगे कापड वर कित्याक जाता?" लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काका, बसा ना यार, बघू द्या." बाबा बसले नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "ह्यां कापड न्हय गो, रंगवलेलां प्लास्टिक आसा."

वर आल्यावर आम्ही दोघांनी त्या सिनेमाचा निकाल लावला. सिनेमावाल्यांनी पैसे वाचवले, पांढरी झूल सारखी धुवावी लागते म्हणून मळखाऊ रंग घेतला, असं बाबांचं मत. मला ते तंतोतंत पटलं. आपण खरी वस्तू ओळखतो आणि ते लोक फसवतात, याचा मला केवढा अभिमान वाटला! त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, बाबांनी दोन वेळा भात मागून घेतला.

पाचव्या दिवशी वेषांतर स्पर्धा होती. दरवर्षी लाकडी तलवारीच्या तीन राण्या, दोन कोळणी आणि एक भाजीवाली ठरलेली. मी जाहीर केलं की मी घड्याळवाला होणार. आई म्हणाली, "चेडवाच्या जातीन ह्यां काय?" मुलगी म्हणून अडवलं तशी मी हट्टालाच पेटले. झूल कशाची करायची, तर मी जुनी चादर काढली. बाबांनी ती हातात घेतली, बोटांत चुरगळली आणि बाजूला ठेवली. मग उठून त्यांनी ट्रंक उघडली.

आई चुलीजवळून उठली. "आयकलात? तां कापड रवांदेत हां."

बाबा म्हणाले, "ठेवन काय करतलव?"

मी तिथेच उभी होते. ठेवून काय करणार, हे वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थ कळण्याइतकी मोठी होते. पण माझ्या डोळ्यांसमोर नुसती झूल. मी म्हटलंसुद्धा, "मिल सुरू झाल्यावर नवीन मिळेलच की बाबा." ते माझ्याकडे बघून "होय" म्हणाले.

शेजारच्या काकूंच्या मशीनवर बाबांनी स्वतः झूल शिवली. सरळ तुकडा खांद्याला बांधला तर कापड पडत नाही, लोंबतं, म्हणून त्यांनी जमिनीवर सुतळी आणि खडू घेऊन अर्धगोल आखला. कात्री लावण्याआधी काठावरून एकदा हात फिरवला. मग एका दमात कापलं. मी ती घालून गॅलरीत इकडून तिकडे चालले. बाबा मागून बघत होते. "अशी पडाक होयी," म्हणाले. चार-पाच चुण्या घोट्यापर्यंत सरळ उतरल्या होत्या. तसलं काही मी नंतर कुठल्याच पडद्यावर पाहिलं नाही.

मी स्टेजवर गेले आणि दोन्ही हात पसरले. मग मागून एक मुलगा ओरडला, "अरे, हे तर न्हाव्याकडे बसलेलं गिऱ्हाईक!" सगळं कंपाउंड हसलं. राण्यासुद्धा हसल्या. मी घाईघाईनं सांगितलं, मी कोण आहे ते. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "ए, त्याचं कापड हिरवं असतं. हिरवंगार! आम्ही मामाकडे रंगीत टीव्हीवर बघितलंय." परीक्षक बाईंनीही मान हलवली. त्यांच्या घरी मुखपृष्ठासकट पुस्तकं असणार.

मी खाली उतरले. बाबा खांबापाशीच उभे होते. मी झूल ओरबाडून काढली आणि त्यांच्या अंगावर टाकली. इमारतीतले सगळे बघत असताना मी म्हणाले, "हिरवी असते! तुम्हाला काही कळत नाही. सगळ्यांसमोर माझी वाट लावलीत. तुमच्याकडे एकच पांढरं कापड, म्हणून सगळ्यांचं पांढरं!"

बाबांनी झूल जमिनीवरून उचलली. धूळ झटकली. अर्धगोल कापडाची घडी नीट बसत नाही, तरी ते काठाला काठ लावून बघत होते.

आठवडाभरात त्यांनी अंधेरीच्या एका कारखान्यात काम धरलं. प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या तिथे. कामावर जायच्या आदल्या दुपारी आईनं झूल जमिनीवर पसरली, तिच्यावर बाबांचा जुना शर्ट मापाला ठेवला. असा फिरवला, तसा फिरवला. पाठ निघायची तर बाह्या निघत नव्हत्या. बाबा खाटेवरून बघत होते. शेवटी म्हणाले, "शर्ट होवचो नाय त्याचो. कापताना माका म्हायत होता." आईनं उशांचे अभ्रे शिवले. एक माझ्या वाट्याला आला.

कामावर ते जुनाच शर्ट घालून गेले. कॉलर उलटवून शिवलेली होती. परत आले ते हातांना प्लास्टिकचा वास घेऊन, आणि तो वास मग गेलाच नाही. मी माफी मागितली नाही. बारा वर्षांची पोरगी माफी मागते ती पुस्तक आणून. मी घड्याळवाल्याचं नवं पुस्तक आणलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं, झुलीचं मोठं चित्र असलेलं पान उघडून. त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच वाच गो. माका त्यातला काय कळणा नाय."