कॅनडाशी गुण जुळेनात

माझ्या मामेभावाइतका स्वतःचेच गुण मोजत बसलेला माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायचा नाही. नारायणगावजवळ एका कारखान्यात इंजिनिअर होता, बरं चाललं होतं. पण दोन हजार पंधराच्या सुमारास याच्या डोक्यात कॅनडा शिरला. तिकडे कायमचं राहायचं तर वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी, इतकंच काय बायकोच्या शिक्षणालाही गुण असतात हे कळलं आणि या पठ्ठ्यानं घराचा परीक्षा हॉल करून टाकला. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या की मामीनं दुधाची बादलीसुद्धा वाजवायची नाही. वाढदिवसाला ती ओवाळायला आली की हा भडकायचा, "आये, वय वाढलं की तिकडं गुण घटत्यात! ओवाळती कसली?" जणू मामीनं निरांजन विझवलं की याचं वय थांबणार होतं! आणि ते तिकडचे साहेब तरी काय? बेल्ह्याच्या बाजारात लोक बैलसुद्धा दात बघून, चार पावलं चालवून घेतात. यांनी माणसाचं तोंडही न बघता त्याचा भाव ठरवायचा.

अशात घोडेगावची एक मुलगी सांगून आली. बारावी झालेली, हसरी, बोलायला धीट. बघायला मीही गेलो होतो. पोहे देताना तिनं "तिखट चालंल ना?" विचारलं आणि आमचे इंजिनिअरसाहेब चक्क लाजले. म्हटलं, सुटलो एकदाचे! तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी याचं मत विचारलं.

हा गंभीर होऊन म्हणाला, "मुलगी लई चांगलीये, पन गुण कमी पडत्यात."

वडील गडबडले. "आवं पावणं, भटजींनी तर बत्तीस गुण जुळतात म्हनून सांगितलंय!"

"ते न्हाई. कॅनडाचे. बायको पदवीधर लागती."

"मंग कॅनडाच्या भटजीलाच इचारा," आतून मुलगीच म्हणाली. घरभर हसू पिकलं. मला मात्र त्या गाढवाला तिथंच बदडावंसं वाटत होतं.

पुढे पदवीधर बायको शोधण्यात याची वर्षं गेली आणि वयाचे गुण गळत गेले. ना बायको मिळाली, ना कॅनडा.

मध्यंतरी मंचरच्या बाजारात ती घोडेगावची मुलगी मला भेटली, कडेवर मूल होतं. "तुमचे कॅनडावाले बरे हायेत ना?" तिनं हसून विचारलं. भावाला हे सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"तिला गुण मी द्यायचे व्हते, राव," तो म्हणाला. "कॅनडाला कशाला इचारत बसलो?"