आवाज जुळवणारा दादा

माझा मोठा भाऊ तीस वर्षं नाटकांचा आवाज सांभाळतोय. दादा मिक्सरवर असला की नट निर्धास्त असतात. मी त्याच कंपनीत कपडे शिवते. मला त्याचं फार कौतुक, पण तोंडावर कधी बोलले नाही. डोक्यावर बसला असता.

आमच्या रॉक संगीतनाटकाचं, थिएटरात चित्रपट म्हणून दाखवायला, चित्रीकरण झालं. आवाजाची जुळणी दादाने महिनाभर खोलीत बसून एकट्याने केली. शेजारी कोणी बसलेलं त्याला खपत नाही. काम जमलं तर पुढचे सगळे चित्रपट त्याच्याकडेच, असा शब्द दिग्दर्शकबाईंनी दिला होता. दादा महिनाभर हवेत होता.

पहिला खेळ दुपारी, फक्त आम्हा कंपनीवाल्यांसाठी. सुरुवातीलाच मी हादरले. नायकाच्या कॉलरला ऐनवेळी टोचलेली माझी सेफ्टी पिन पडद्यावर हातभर लांब! नाचाचं तर वाटोळंच. पंधरा जण एकदम उडी मारतात, तेव्हा हा कॅमेरावाला एकाचंच नाक दाखवतो. पण नायिकेचा चेहरा! दोनशे प्रयोग मी विंगेतून तिची पाठ पाहिली. पियानोवरचं हळवं गाणं म्हणताना तिची हनुवटी थरथरते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ढसाढसा रडले.

मग बँड सुरू झाला, आणि झांजा सुईसारख्या कानात घुसल्या. गिटार किंचाळायला लागली. मशीन बिघडलं असणार, म्हणून मी दादाकडे वळले. तो डोळे मिटून मजेत डोलत होता.

"बघ," तो म्हणाला, "आत्ता कुठे झांजा नीट ऐकू येतायत."

तेव्हा मला उलगडलं. त्याला जे ऐकू येत नव्हतं, ते तो महिनाभर वाढवत गेला होता. नाट्यगृहात बँड समोरच धडधडतो, तिथे कोणाला काय कळणार? आणि घरी तो टीव्ही मोठा करायचा, तेव्हा मी मेली त्याच्याशी भांडत होते!

दादाने डोळे उघडले. पुढच्या रांगेत ड्रमवाल्यानेसुद्धा कानांत बोटं घातली होती.

"खरं सांग," दादा म्हणाला.

"कान फुटतायत रे दादा."

तेवढ्यात दिग्दर्शकबाई ओरडल्या, "बंद करा! मशीन तपासा आधी!"

पडदा काळा झाला, सगळे चिडीचूप. दादा उठला, बाईंजवळ गेला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "मशीन ठीक आहे. माझे कान गेलेत. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. सगळ्या माना वळल्या, मग एकेक करून खाली गेल्या.

तो परत येऊन माझ्या शेजारी बसला. "हळूच बोललो ना गं मी? कोणाला कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. ते मला दोनदा सांगावं लागलं.